बाई, कपाट कुठंय?

मुलांनो, वर्ध्याजवळचं सेवाग्राम पाहिलंत का? गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आम्ही सहलीला गेलो तेव्हा बापूकुटीत रांगेनं शिरलो. मातीच्या भिंती, वर कौलं. आत बसायची बैठक. आश्रमात साप पकडून दूर सोडायचा लाकडी चिमटा... आणि चक्क टेलिफोन! व्हाइसरॉयनं बसवून दिलेला.

"बाई, कपाट कुठंय?" चौथीतल्या एकानं विचारलं.

सगळे हसले, मीही. मग आठवलं, आमच्याकडे तिसरं कपाट हप्त्यानं आलंय, आणि त्या हप्त्यापायी यंदा दिवाळीला माहेरी जाणं राहिलंय.

बाहेर येताच तोच पठ्ठ्या खाऊचे पन्नास रुपये भिरभिऱ्यांवर उडवून आला. रागावणार होते, पण कुठल्या तोंडानं?