दारा बोटीच्या भेटीला

आखातात नोकरीला आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी काय करतो, हे गावाकडच्या मंडळींना फारसे ठाऊक नसते. दुबई म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि सोन्याची दुकाने येतात. प्रत्यक्षात आमचा रविवार कपडे धुण्यात, दोन दिवसांचे कालवण करून ठेवण्यात आणि घरी फोन लावण्यात संपतो. आम्ही चौघे मित्र मात्र गेल्या दोन वर्षांपासून महिन्यातला एखादा रविवार समुद्राच्या पोटात घालवतो. त्यातल्याच एका रविवारची ही हकिकत आहे.

आम्ही कोण, ते आधी सांगितले पाहिजे. एक चेंबूरचा वेल्डर, एक नाशिकरोडचा एसी मेकॅनिक, एक नागपूरचा रिगर, म्हणजे क्रेनवाल्याला खालून हाताच्या खुणा करणारा, आणि चौथा रत्नागिरीकडचा. हा चौथा एका डायव्हिंग सेंटरवर टाक्यांत हवा भरण्याचे काम करतो. त्याच्यामुळेच बाकीच्या तिघांना हा नाद लागला. हा श्रीमंत लोकांचा खेळ आहे हे खरे, आणि आमची फीसुद्धा तीन महिन्यांच्या ओव्हरटाइममधून हप्त्याहप्त्याने गेली. आमच्यातल्या दोघांना तर दुबईला येईपर्यंत धड पोहताही येत नव्हते.

घरच्यांची पहिली समजूत अशी की पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो. तसे नाही. त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. आमच्या वेल्डरला हे कळले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, कारण ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलाचा हात लागला तर काय होते ते त्याने वर्कशॉपमध्ये पाहिले होते. खाली बोलता येत नाही, सगळा कारभार खुणांवर चालतो. अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. रिगरला त्याचे काहीच नवल वाटले नाही, क्रेनच्या खुणांतही अंगठा वर म्हणजे बूम वर.

पहिल्या परीक्षेनंतर १८ मीटरपर्यंत उतरण्याची परवानगी मिळते. त्याहून खोल जायचे तर पुढचे शिक्षण घ्यावे लागते. ते आम्ही हिवाळ्यात पुरे केले आणि मग रत्नागिरीवाल्याने दारा बोटीचे नाव काढले.

तरुण वाचकांना हे नाव माहीत नसेल, पण आजी-आजोबांना विचारून पाहा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत करीत बसऱ्यापर्यंत जात. ‘दारा’ त्यांतलीच एक, १९४८ साली ग्लासगोत बांधलेली. तेव्हा दुबईत ना तेल होते ना मोठे बंदर. बोट समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसे व माल होड्यांतून किनाऱ्यावर जायचा. बाजारात चलन होते रुपयाचे, तेही आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून वेगळ्या छापलेल्या नोटांचे! आज आम्ही दिरहॅमचे रुपये किती होतात ते रोज मोबाईलवर बघतो, म्हणून याचे नवल वाटते.

एप्रिल १९६१ मध्ये दारा बसऱ्याहून मुंबईला परतत होती. ७ एप्रिलला ती दुबईसमोर उभी असताना मोठे वादळ आले आणि दुसरे एक जहाज येऊन तिला धडकले. कप्तानाने वादळ टाळण्यासाठी बोट खोल समुद्रात नेली. त्या वेळी बोटीवर नुसते उतारू नव्हते. पोहोचवायला आलेले नातेवाईक होते, फेरीवाले होते, सरकारी कारकून होते, त्यांना उतरायला सवडच मिळाली नाही. ८ तारखेच्या पहाटे, पाचच्या आधी, बोटीच्या मधल्या भागात स्फोट झाला आणि आग पसरली. ८१९ माणसांपैकी २३८ दगावली. नंतरच्या चौकशीत हा स्फोट यंत्राच्या बिघाडाने नव्हे, तर स्फोटकाने झाला असा निष्कर्ष निघाला. जळालेली बोट ओढून नेत असताना १० एप्रिलला बुडाली. आज ती उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, साधारण २० मीटर पाण्यात पडलेली आहे.

नाव निघताच आमच्यात वाद झाला. रिगर म्हणाला, “जिथे माणसं होरपळून मेली तिथे आपण रबराचे कपडे घालून मजा करायला जायचं?” रत्नागिरीवाल्याचे म्हणणे असे की तिथे दर महिन्याला गोरे लोक जातात, फोटो काढतात, आणि ती माणसे तर आपली होती. दोघांचेही आम्हाला पटत होते. दोन रविवार असेच गेले.

शेवटी वेल्डरने चेंबूरला आजीला फोन लावला. आजी ऐंशीच्या पुढच्या. १९६१ साली त्या नव्या नवरी म्हणून माझगावच्या चाळीत आल्या होत्या, आणि त्यांचे थोरले दीर याच कंपनीच्या बोटींवर टोपस होते. टोपस म्हणजे बोटीवरचा झाडूवाला. डेकवर कुणी, इंजिनात कुणी, स्वयंपाकघरात कुणी, हे जसे जातीपातीवरून आणि गावावरून ठरलेले, तसे झाडू आणि संडास कुणाकडे ते वेगळे सांगायला नको. फोन स्पीकरवर होता. आम्ही चौघांनी “जयभीम आजी” म्हटले आणि त्या सांगू लागल्या.

“बोट बुडाली एवढंच कळलं. भाऊजी कोणत्या बोटीवर चढलेत ते घरात कुणाला ठाऊक नाही. सगळ्या बोटींची नावं सारखीच. दारा, दारेसा, दुमरा, द्वारका. सासूबाईंना कुणी काही सांगितलं तरी त्या दारा एवढंच ऐकायच्या. आठ दिवस चूल नीट पेटली नाही. मग भाऊजी दारात येऊन उभे. दुमरावर होते ते. आम्ही हसलो, रडलो. आणि शेजारच्या खोलीतली बाई दाराशी उभी राहून बघत होती. तिचा नवरा बहरीनहून दोन वर्षांनी परत यायचा होता. त्यानं डेकचं तिकीट काढलं होतं. तो आलाच नाही.”

डेकचे तिकीट म्हणजे बंक नाही, खोली नाही. उघड्या डेकवर चटई अंथरायची, ट्रंक उशाशी घ्यायची, मुंबई येईपर्यंत तिथेच राहायचे. आमच्या रूमवर आठजणांत चार दुमजली खाटा आहेत आणि त्याबद्दल आम्ही रोज कुरकुर करतो.

“जाऊ का मग, आजी?” वेल्डरने विचारले.

“जा. पण काही उचलून आणू नका. आणि माझे हात जोडा तिथं.”

रिगर काही बोलला नाही. मात्र शनिवारी रात्री त्याने स्वतःची बॅग भरून ठेवली होती.

तर एप्रिलमधल्या त्या रविवारी पहाटे आम्ही अजमानकडच्या एका धक्क्यावर जमलो. बोटवाला केरळचा, आमचा मार्गदर्शक फिलिपिनो. बोटीवर आम्हा चौघांशिवाय आणखी तिघे पाहुणे होते. वारा पडलेला होता, हे महत्त्वाचे. या जागी भरती-ओहोटीचा ओढा जोराचा असतो. दोन्हींच्या मधला, पाणी थबकलेला वेळ साधावा लागतो, नाहीतर माणूस दोरीला धरून नुसता फडफडत राहतो.

मार्गदर्शकाने पाटीवर हिशेब मांडला. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. म्हणून खाली हवाही तिप्पट वेगाने संपते. १२ लिटरच्या टाकीत २०० बारने भरलेली हवा वर दीड-दोन तास पुरेल, पण खाली ५० बार राखीव ठेवून जेमतेम अर्धा तास. शिवाय दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. घाईने वर आलात तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यात किंवा मणक्यात अडकले तर माणूस लुळासुद्धा होतो. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही, आणि श्वास तर कधीच रोखायचा नाही. आमचा एसी मेकॅनिक गेज आणि दाब यांत आयुष्य काढलेला, तो मान डोलावत होता. “गॅस गळला तर दुसरा भरता येतो,” तो म्हणाला, “इथे तसं नाही.”

नांगराच्या दोरीला धरून आम्ही उतरलो. पहिल्या पाच मीटरला कान दुखतात, नाक दाबून हवा सोडावी लागते. दहा मीटरला लाल रंग मरतो. वेल्डरच्या हातमोज्यावरची लाल पट्टी मातकट दिसू लागली. पाणी हिरवट, गढूळ. हात लांब केला तर पुढच्या माणसाचे पंखे तेवढे दिसत. बोट कुठे दिसेना. आणि मग खालून एकदम काळोखासारखे काहीतरी वर आले.

चित्रात असते तशी अखंड बोट कुणी डोळ्यांपुढे आणू नये. साठ वर्षांहून अधिक काळ समुद्राने आणि वादळांनी तिला मोडून टाकले आहे. पत्रे वाकलेले, फासळ्या उघड्या पडलेल्या, सगळ्यावर शिंपल्यांचे आणि शेवाळाचे जाड थर. दारूखान्यात तोडायला आणलेले जहाज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना थोडी कल्पना येईल. बराकुडा माशांचा एक मोठा थवा डोक्यावर न हलता उभा होता. एका पत्र्याखाली मोठा हमूर तोंड उघडझाप करीत बसला होता. दुबईच्या बाजारात त्याचा भाव आम्हाला परवडत नाही! जागोजागी कोळ्यांची तुटलेली जाळी अडकली होती. आम्हाला खरी भीती या जाळ्यांची. टाकीचा नळ त्यात गुंतला तर पाठीमागे हात पोहोचत नाही.

एका ठिकाणी पत्र्यात माणूस जाईल एवढे भोक होते. पाहुण्यांपैकी एकाने बॅटरी आत मारली आणि वळून आमच्याकडे पाहिले. आत जाण्याचे शिक्षण आमचे झालेले नाही आणि जायचे नाही हे वरच ठरले होते. मार्गदर्शकाने बोट हलवून नाही म्हटले. बॅटरीच्या उजेडात आम्हाला एक पाइप आणि त्याच्या जोडावरचे नटबोल्ट दिसले. एसी मेकॅनिक तिथेच थबकला. कुणीतरी पान्याने आवळलेले बोल्ट, अजून ओळखू येत होते.

तिथेच, त्या पत्र्याच्या कडेला, आम्ही चौघे एका रांगेत थांबलो आणि हात जोडले. मार्गदर्शकाला वाटले ही काही नवीन खूण आहे. तो झपकन जवळ आला, अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करून ‘ठीक आहात ना?’ असे विचारू लागला. आम्ही एकामागून एक वर्तुळ करून दाखवले. त्याला बहुधा उमगले, कारण तोही मग थोडा वेळ हलला नाही. कानात नुसता बुडबुड्यांचा आवाज.

उतरून वीस मिनिटे झाली असतील, पाणी हलू लागले. आधी शेवाळ एका बाजूला झुकले, मग आमचे पायही. रिगरचा काटा ८० वर आला होता. त्याची हवा आमच्यापेक्षा लवकर संपते, छाती मोठी आहे. त्याने अंगठा वर केला. बोटीचा अर्धा भागही बघून झाला नव्हता, पण एकाने अंगठा वर केला की सगळ्यांनी निघायचे, यात चर्चा नसते. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे होते. ओढा इतका वाढला की दोरीला धरून आम्ही वाळत घातलेल्या शर्टांसारखे आडवे झालो होतो. मार्गदर्शकाने रिगरशेजारी जाऊन आपली जादा नळी त्याच्या हाताशी धरून ठेवली. ती लागली नाही.

वर आलो तेव्हा लख्ख ऊन होते. दूरवर इमारतींची रांग दिसत होती. त्यांपैकी एकीच्या पाइपांना आमच्या वेल्डरने टाके घातलेले आहेत आणि दुसरीच्या काचा रिगरच्या खुणांवर चढलेल्या आहेत. बोटवाल्याने सुलेमानी चहा आणि खजूर दिले. दुसऱ्या बुडीला ओढ्यामुळे कुणी उतरले नाही. पाहुणे थोडे नाराज झाले, आम्ही नाही.

संध्याकाळी टाक्या आणि कपडे गोड्या पाण्यात धुऊन झाल्यावर वेल्डरने आजीला फोन लावला. काय काय पाहिले ते आम्ही आळीपाळीने सांगितले. मासे, जाळी, पाइपवरचे बोल्ट. आजी मधूनमधून हूं म्हणत होत्या. मग त्यांनी विचारले, “खाली पाणी फार थंड होतं का रे?”

“नाही आजी, कोमट होतं,” रिगर म्हणाला.

“बरं झालं. त्या शेजारणीचा मुलगा कल्याणला असतो. म्हातारा झाला तोही आता. त्याला निरोप देते, आपली पोरं जाऊन आली म्हणून.”