एमआरआयचं पाकीट

जामखेड-नगर एसटीत त्याला ओळखायला वेळ लागत नाही. हातभर लांब, दीड वीत रुंद, चकचकीत पांढरं, तपासणी केंद्राचं नाव मोठ्या अक्षरात. त्याला घडी चालत नाही, मुडपलेलं खपत नाही, म्हणून ते वरच्या रॅकवर बोचक्यांत जात नाही. मालक उभा राहील, पण पाकिटाला खिडकीशी जागा लागते. आष्टी मागे पडते, कडा मागे पडतं, ते आपलं ताठच. ज्याच्या कमरेचं ते पाकीट, तो मात्र दर गतिरोधकाला पुढचा दांडा धरून सीटवरून अर्धा उठतो. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आणि अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी तर जामखेड तालुक्यातलंच. तरी दुखणं घेऊन निघालेला माणूस अजून ‘नगरला दाखवायला’च निघतो.

नवं असताना पाकीट फार तोऱ्यात असतं. चार-सहा महिन्यांत ते माणसाळतं. कोपरे फाटतात, मलमाचा वास लागतो, आत पाहुणे येऊन राहतात: जुना एक्स-रे, मेडिकलची बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, ‘या डॉक्टरला एकदा दाखवा’ म्हणून कुणीतरी दिलेली चिठ्ठी. घरात त्याचा मुक्काम गादीखाली, कारण तिथेच ते सरळ राहतं.

ते बोलतं कमी, आणि बोलतं ते इंग्रजीत. ‘डिफ्यूज डिस्क बल्ज अ‍ॅट एल-फोर एल-फाइव्ह’ असं काहीतरी. वेशीपर्यंत येईतो त्याचं ‘मणक्यात गॅप निघाला’ झालेलं असतं आणि सल्ल्यांना सुरुवात होते. “ऑपरेशनचं नाव काढू नका दाजी, आमचा चुलता तेव्हापासून अंथरुणाला खिळलाय.” लगेच दुसरा म्हणतो, “काही होत नाही, माझ्या मेव्हण्याला दुसऱ्या दिवशी चालवलं.” दोघंही बहुधा खरंच सांगत असतात. दोघांची ऑपरेशनं वेगळी होती, एवढंच कुणाच्या लक्षात येत नाही.

फिल्म उजेडावर धरून पाहिली तर ती वाटते तितकी अगम्य नाही. बाजूने दिसणारी मणक्यांची उतरंड, कमरेतले पाच मोठे मणके, दर दोहोंच्या मध्ये एक गादी. फिल्मवरच्या एका तऱ्हेच्या चित्रांत पाणी पांढरं उमटतं, म्हणून धडधाकट गादी उजळ दिसते आणि सुकत चाललेली काळी. सगळ्यांत जास्त भार खालच्या दोन गाद्यांवर, म्हणून बहुधा त्याच काळवंडलेल्या. मागून एक उभी पांढरी पट्टी उतरते, ती नसांची पिशवी. काळ्या गादीचा फुगवटा त्या पट्टीत घुसलेला दिसला की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

इथेच पाकिटाचा मोठा दोष उघडा पडतो. दिसेल ते सगळं ते सांगतं. त्यातलं दुखतं काय, हे त्याला ठाऊक नसतं. 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा निघाला. म्हणजे एसटीत शेजारी खुशाल पेंगणाऱ्याचा एमआरआय काढला, तर त्याचंही असंच पाकीट तयार होईल. सातबाऱ्यावर जमीन कुणाची ते कळतं, ती पिकते किती ते नाही; तशातली ही गत.

म्हणून माझा भरवसा पाकीट शेवटी उघडणाऱ्या डॉक्टरवर. असा डॉक्टर ते टेबलावर पालथं ठेवतो. आधी विचारतो, “कळ पायात उतरते का? कुठवर?” टाचांवर चालायला लावतो, मग चवड्यांवर. उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलतो; थोडा उचलताच पोटरीपर्यंत वीज उतरली, तर तो ती नोंद करतो. मग पाकीट उघडायचं. शरीरानं सांगितलेली नस आणि फिल्मवर दबलेली नस एकच निघाली, तरच पुढची बोलणी.

ती जुळली आणि गादीचा तुकडा नसेवर बसलेला असला, तर दुर्बिणीतून तेवढाच तुकडा काढतात. गादीचा तुकडा आणि पायाची कळ यांचं नातं 1934 साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं, तेव्हापासून तुकडा काढण्याचा मार्ग रुळला. पण घाई नसते. नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांचे ‘लवकर ऑपरेशन’ आणि ‘थांबून पाहणं’ असे दोन गट करून अभ्यास झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतले सारख्याच प्रमाणात, शंभरात 95, बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं, हेही सांगायला हवं. कळ सोसायची किती, ते ज्याची त्यानं ठरवायचं.

म्हाताऱ्यांची पाकिटं वेगळी. चार पावलं चाललं की पाय भरून येतात, ओट्यावर वाकून बसलं की उतरतात. तिथे नसांची वाटच अरुंद झालेली असते. मागचं हाड काढून ती मोकळी करतात. मणका मणक्यावरून पुढे घसरला असेल, तर स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके सांधायचे. मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव मराठी घरांत या सांधणीशी जोडलेलं आहे.

राहिली नुसती कंबर. पायात काही नाही, गादी काळी, दुखणं जुनं. सगळ्यांत जास्त पाकिटं हीच, आणि ऑपरेशनचा भरवसा सगळ्यांत कमी तोही इथेच. ब्रिटनमध्ये 349 जणांवर सांधणी आणि नेटाचा व्यायाम यांची तुलना झाली. 2005 साली निकाल आला: सांधणीचं पारडं थोडं जड, पण खर्च आणि धोका घ्यावा इतकं नाही. कृत्रिम गादीही मिळते, पण ती मोजक्यांनाच बसते. व्यायाम सांगितला की आपल्याकडे माणूस डॉक्टरच बदलतो, ते सोडा.

थांबून चालतच नाही, असे प्रसंग मोजकेच. लघवी अडली, सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, पाय लुळा पडत चालला, तर ऑपरेशन तासांच्या हिशेबात व्हावं लागतं. ताप, उतरतं वजन आणि रात्री न थांबणारी कंबरदुखी असेल, तर मणक्याचा क्षय आहे का ते आधी पाहायचं. तो बहुतेकदा गोळ्यांनीच बरा होतो.

हे फरक गावातच कुणीतरी ओळखावेत, हा विचार जामखेडला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या बीडची गोष्ट मात्र दुखरी आहे. 2019 साली तिथल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या कित्येकींच्या तक्रारी ओटीपोटाच्या आणि कमरेच्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर दुखते, याला एवढं कापायची गरज होती का?

मोळी फिल्मवर उमटत नाही, तशी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचलही नाही. ऊसतोड जोडप्याला डॉक्टर सांगतात, “टाके पंधरवड्यात निघतील, पण काही महिने वजन उचलायचं नाही.” नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. कोयता जोडीचा असतो. एकानं बसायचं म्हणजे दुसऱ्याचंही काम बंद, आणि उचल तर घेतलेली. म्हणून बाई विचारते, “कारखान्याचा पट्टा पडल्यावर केलं तर चालंल का? म्हंजी उन्हाळ्यात?” पायात ताकद आहे, लघवी साफ आहे, म्हणून डॉक्टर चालेल म्हणतात, व्यायामाचा कागद देतात, आणि पायाचा पंजा उचलेनासा झाला तर फडातून तसंच निघून यायचं, हे दोनदा बजावतात.