निस्तार

दिवाळीच्या चार दिवस आधी राउटर घ्यायला भंडाऱ्याला गेलो आणि खोक्याच्या मागच्या एका ओळीपाशी अडकलो. ‘विंडोज आणि मॅकसाठी.’ लाखनीजवळच्या आमच्या घरी दिवाळीला सगळे जमतात. थोरला भाऊ धानाचा हिशेब विंडोजवर ठेवतो, सून पुण्याहून मॅक घेऊन येते आणि भाचा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवतो. त्या ओळीत भाचा नव्हता.

“याच्यावर लिनक्स चालते का?” मी विचारलं.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काकाजी, राउटरले काय माहीत तुमच्या घरी कोन काय वापरते?”

खरं बोलला तो. १९९७ साली वायफायचं ८०२.११ हे मानक ठरलं. ती बोली ज्या यंत्राला येते, त्याचं राउटरशी जमतं. खोक्यावरची ओळ असते ती राउटर पहिल्यांदा लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरपुरती. म्हणून विचारायचं ते एवढंच, की ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकला की सगळी सेटिंग उघडते का? ज्या राउटरचं पान फक्त मोबाइलच्या ॲपमधूनच हलतं, तो मी घेत नाही. आणि गंमत पाहा, बहुतेक घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्सच असतं. २००२ साली आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये ते सापडलं, पुढच्या वर्षी कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ज्याचं नाव खोक्यावर नाही, तोच आत बसून सगळ्यांचं काम करतो.

वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मोकळा झाला. ठरलेल्या शक्तीच्या आत राहा आणि वापरा, कोणाला विचारायला नको. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या मनात एकच शब्द आला. निस्तार.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित नवा असेल. गावच्या तलावावर जनावरं पाजायची, धुणं धुवायचं, घागर भरायची, हा गावातल्या प्रत्येकाचा हक्क. तोच निस्तार. जमीनमहसुलाच्या जुन्या कागदांत निस्तारपत्रक असतं. ज्याच्या नावावर एक बांधी, म्हणजे धानाचा एक तुकडासुद्धा नाही, त्याचाही हक्क त्यात धरलेला असतो.

आमचा तलाव मालगुजारीतला, म्हणजे जमीनदारीच्या काळातला, कोहळ्यांनी बांधलेला. आजोबांची बांधी पाटाच्या अगदी शेपटाला. दसऱ्याच्या सुमारास पाऊस पाठ फिरवायचा आणि नेमकं तेव्हाच धान गरभाला आलेलं असायचं. मग पाण्याची पाळी लागायची. एका वर्षी आमची पाळी रात्री आली. आजोबांनी मला बरोबर घेतलं. हातात कंदील, खांद्यावर फावडं. तलावाच्या मातीच्या पाळीवर पाणकर, म्हणजे पाणी सोडणारा, उभा होता. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, भोकातलं लाकडी बूच त्यानं हातानं चाचपलं आणि हिसका देऊन काढलं. पाळीच्या पलीकडून आधी नुसता आवाज आला, घशातून यावा तसा. मग पाटात पाणी दिसलं, कंदिलाच्या उजेडात काळं आणि जड.

आम्ही शेपटाला जाऊन बसलो. पाणी यायला फार वेळ लागला. वरच्या एकानं बांध फोडून आपल्या बांधीत जास्तीचं वळवलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. पाणकर पाटाच्या कडेनं चालत गेला, फावड्यानं चिखल ओढून तो फोड बुजवला आणि पुढं निघाला. तो ना पाटलाचं शेत आधी भिजवायचा, ना सोयऱ्याचं. धानाच्या मुळाशी पाणी पोचलं तेव्हा आजोबांनी वाकून ओंजळभर घेतलं आणि तोंडावर मारलं. तो वास मला अजून आठवतो. शेवाळ, चिखल आणि ओल्या धानाचा.

वायफायमध्येही पाळीच असते. प्रत्येक यंत्र आधी कान देतं आणि दुसरं कोणी बोलत नसेल तेव्हाच बोलतं. जुनं यंत्र हळू बोलतं, तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. म्हणून मी दोन पट्ट्यांचा राउटर घेतला. सुनेचा मॅक आणि नवे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर, भाच्याचा लॅपटॉप २.४ वर. तो पट्टा आमच्या दीड हाताच्या मातीच्या भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतो, ५ चा तिथं थकतो. भाच्याच्या यंत्राला डब्ल्यूपीए२ ही सुरक्षेची जुनी पद्धत एवढीच कळते, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही एकत्र चालवणारा निवडला. पहिल्या दिवशी वहिनींनी तो पितळी गुंडांच्या, म्हणजे पाण्याच्या भांड्यांच्या, फळीमागे ठेवला होता, दिसायला नको म्हणून. मागच्या खोलीत काहीच पोचेना. धातू लहरी परतवतो. गुंड हलवायला वहिनी तयार नव्हत्या आणि त्यांचं बरोबरच होतं, भंडाऱ्याचं जुनं पितळ आहे ते. राउटर मधल्या घराच्या आढ्याजवळ गेला.

आणि तलाव? मालगुजारी १९५१ साली गेली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारचे झाले. पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस यायचा, ते हळूहळू थांबलं. पाणकराच्या मुलानं ते काम धरलं नाही. निस्तार मात्र अजून आहे. आजही म्हशी तिथंच बसतात.

जे सगळ्यांचं असतं, ते सगळ्यांनी जपलं तरच राहतं. आमच्या तलावात गाळ फार साचलाय आणि तुडुमाचं खालचं भोक बुजलंय. एप्रिलमध्ये पाणी उतरेल. तुमचंही गाव झाडीत असेल, तर एक दिवस काढून आपल्या तलावाच्या पाळीवर या. येताना फावडं आणा.