मे महिन्यातले हातमोजे

ठाण्याच्या थंडीवर लिहायचं म्हणजे पुणेकर आणि नाशिककर हसणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करते. आमच्या माजिवड्यात थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार-आठ पहाटा. कपाटातून स्वेटर शोधून काढेपर्यंत ती पसार झालेली असते. पण मंडळी, मी म्हणतेय ती थंडी वेगळी. ती बारमाही आहे, सकाळी साडेनऊला सुरू होते आणि तिचा रिमोट अॅडमिनच्या खणात असतो.

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात ऐन मे महिन्यात निम्म्या बायका शाली पांघरून बसतात. बाहेर रिक्षाच्या सीटवर टेकवत नाही आणि आत माझी नखं जांभळी! शालीने पाठ झाकते, पण हातांचं काय? थंडी वाजली की शरीर आधी छाती-पोटाची ऊब सांभाळतं आणि हातापायांच्या कातडीकडे जाणारं रक्त कमी करतं. म्हणजे त्याच्या लेखी बोटं हे 'नॉन-क्रिटिकल मोड्यूल'. माझा पगार त्याच मोड्यूलवर चालतो, हे त्याला कोण सांगणार?

तिकीट टाकून झालं. दोन दिवसांनी ते बंद झालं आणि शेरा आला: 'यंत्रणा डिझाइननुसार चालू आहे.' गंमत म्हणजे हे अक्षरशः खरं आहे. डिझाइन कोणासाठी, एवढंच विचारायचं राहतं. 2015 साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात किंग्मा आणि फान मार्कन लिश्टनबेल्ट या दोन डच संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ऑफिसातलं तापमान ठरवायची जी पद्धत जगभर वापरतात, ती 1960च्या दशकातल्या मॉडेलवर उभी आहे आणि त्यात शरीर किती उष्णता तयार करतं हा आकडा घेतलाय चाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा. त्यांनी 16 तरुणींवर मोजमापं घेतली. बायकांच्या बाबतीत तो आकडा 35 टक्क्यांपर्यंत जास्त धरला जात असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. अभ्यास लहान आहे, पण आमच्या मजल्यावरच्या शाली मोजल्या तर पटायला हरकत नाही.

बरं, यात कंपनीचा फायदा तरी आहे का? 2004 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या अॅलन हेज यांनी फ्लोरिडातल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात महिनाभर नोंदी घेतल्या. तापमान साधारण 20 अंशांवरून 25 वर नेल्यावर टायपिंगच्या चुका 44 टक्क्यांनी कमी झाल्या आणि काम वाढलं. आपल्याकडे 1 जानेवारी 2020पासून स्टार रेटिंगवाले घरगुती एसी मुळात 24 अंशांवरच लावून येतात. पण तो नियम घरच्या एसीचा, आणि घरी तरी रिमोट हातात आला की कोण कोणाचं ऐकतं! ऑफिसच्या सेंट्रल एसीला तर तोही लागू नाही.

असो. मूळ बग दुरुस्त होत नाही तोवर वर्कअराउंड. तो म्हणजे बिनबोटांचे हातमोजे. पूर्ण मोजे घालून कीबोर्ड चालत नाही, फोनचा स्क्रीन तर दादच देत नाही. बोटांची टोकं मोकळी, तळवा आणि मनगट झाकलेलं, असं हवं. मनगटाचं महत्त्व जास्त, कारण डॉक्टर जिथे नाडी बघतात तिथे रक्तवाहिनी अगदी कातडीलगत असते. तिथे ऊब राहिली तर बोटांकडे जाणारं रक्त वाटेत कमी गार होतं.

विकत मिळतात की, असं तुम्ही म्हणाल. मिळतात, पण आमच्या घरात आई आहे. तिने बत्तीस वर्षं ठाणे ते व्हीटी (तिच्या तोंडी सीएसएमटी कधीच येत नाही) लेडीज डब्यातून नोकरी केली. चौथी सीट मिळाली की पिशवीतून क्रोशाची सुई बाहेर. तिच्या रुखवतातलं तोरण आणि ताटावरचे रुमाल अजून ट्रंकेत आहेत. नंतर टीव्ही, फ्रीज, फोन, सगळ्यांना झबली शिवावीत तशी तिने जाळीची कव्हरं घातली. आता तीन वर्षं झाली, सुई बंद आहे. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. सकाळी डब्याचं झाकण उघडायचं तरी मला हाक मारते.

म्हणून ठरवलं की ती सांगेल आणि मी विणेन. दर शनिवारी दुपारी, चहाबरोबर.

पहिला तास शब्दांतच गेला. 'साखळी' कळली. मग 'खांब'. माझ्या लेखी खांब म्हणजे घोडबंदर रोडवरचे मेट्रोचे. इथे तो सुईवरचा उंच टाका. त्याचा बुटका भाऊ 'मुका खांब', आणि मोजे विणायचे ते याचेच. त्याची वीण घट्ट होते, वारा आत जात नाही. "अगं, दोरा सैल धर. गळा आवळतेयस त्याचा," हे वाक्य त्या दिवशी किती वेळा ऐकलं, ते मोजलं नाही.

बाकी सगळं मोजलं. जांभळी नाक्यावरून आणलेली दोन रंगांची लोकर (नाव लोकर, असते ती अॅक्रिलिक), साडेतीन मिलिमीटरची सुई. दहा सेंटिमीटरमध्ये माझे 21 मुके खांब बसतात. तळव्याचा घेर 19 सेंटिमीटर, हात आत सरकायला थोडी जागा, म्हणून 42 टाके. सहाने भाग जातो, नक्षीला सोयीचं. गोल गोल 36 ओळी. अंगठ्यासाठी एका ओळीत आठ टाके सोडून वरून आठ साखळ्या, की झाली खिडकी. दोन मोजे मिळून तीन हजारांवर मुके खांब. कारखान्यातली यंत्रं निटिंग करतात, क्रोशाचं काम मात्र अजून हातावरच चालतं. सगळं ऑटोमेट करायला निघालेल्यांनी (म्हणजे आम्हीच) नोंद घ्यावी.

नक्षीचं गणित मला सर्वांत आवडलं. दोन रंगांचं विणकाम म्हणजे सरळ बिटमॅप. आलेखाच्या कागदावर चौकोन भरा, एक चौकोन एक टाका. ज्या रंगाची पाळी नसते तो दोरा टाक्यांच्या पोटातून सोबत चालवायचा, त्यामुळे कापड जाडही होतं आणि उबदारही. मला वारली माणसं हवी होती, दोन त्रिकोण जोडून झालेली. आई कागद बघून म्हणाली, "ही सगळी कलंडणार." कारण मुका खांब गोलात विणला की प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा जराशी उजवीकडे सरकते. सरळ रेष काढली तरी ती तिरकी चढते. त्यावर उपाय आहे, टाक्याच्या बरोबर मध्यात सुई घालायची. पण त्यात सुई जोर लावून घुसवावी लागते. आईचा उपाय सोपा: "त्याला तिरकंच जायचंय ना? मग तिरकंच डिझाइन घे." म्हणून तीन टाके निळे, तीन पांढरे, आणि दर ओळीत एक टाका पुढे. जिन्यासारखे चढणारे पट्टे. टाक्याची खोड आणि नक्षी एकाच दिशेने.

हे तिने कुठे वाचलेलं नाही. डब्यात कोणा शेजारणीकडून आलं, तिला कोणाकडून आलं ते देवाला ठाऊक. आमच्या क्षेत्रात 'बस फॅक्टर' म्हणतात: टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? आमच्या घरातल्या क्रोशाचा बस फॅक्टर एक आहे, आणि डॉक्युमेंटेशन शून्य. प्रोजेक्ट सोडणाऱ्याकडून आपण पंधरा दिवस केटी घेतो. हिच्या बत्तीस वर्षांची केटी मी आत्ता सुरू केलीय, हात थांबल्यावर.

अडचण अशी की तिला जे येतं त्यातलं बरंचसं तिच्या तोंडाला माहीतच नाही, फक्त बोटांना माहीत आहे. रुखवतातल्या तोरणाची पंख्यासारखी किनार कशी घालायची, हे विचारलं तर ती हवेत हात फिरवते, थांबते आणि म्हणते, "सुई हातात असली की येतं गं."

विणलेला पहिला जोड तिलाच दिला. ऑफिसची थंडी माझी असली, तरी सकाळची बोटं तिची जास्त आखडतात. गेल्या शनिवारी ते मोजे घालून ती बराच वेळ चहाचा कप धरून बसली, मग काही न बोलता सुई मागितली. चार पंखे घातले. मी फोनवर व्हिडिओ घेतला. पाचव्याला अंगठा थांबला.

व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. मी तो पाव वेगाने लावून एकेक टाका वहीत उतरवतेय. दोन पंखे लिहून झाले. उरलेले या शनिवारी.