खरा नायक कोण? कर्नल ब्रँडन आणि दोन एलायझा

जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. शीर्षकपानावर लेखिकेचे नाव नव्हते, ती एका स्त्रीची कृती आहे एवढेच तिथे छापले होते. या कादंबरीचे वाचक एकत्र आले की एक वाद हमखास निघतो: हिचा खरा नायक कोण? इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणून या वादात मला रस आहे, कारण त्याचे उत्तर प्रेमप्रसंगांपेक्षा मालमत्तेच्या व्यवहारांत अधिक सापडते.

कथानक थोडक्यात. वडिलांच्या मृत्यूनंतर इस्टेट सावत्र भावाकडे जाते आणि डॅशवुड मायलेकी वर्षाला ५०० पौंडांवर डेव्हनशायरमधल्या एका लहान घरात राहायला येतात. थोरली एलिनॉर संयमी, धाकटी मरियान उत्कट. त्यांच्या आयुष्यात तीन पुरुष येतात: एडवर्ड फेरर्स, विलोबी आणि कर्नल ब्रँडन.

एडवर्डला मी चटकन बाजूला ठेवते. दिलेल्या शब्दासाठी तो वारसा गमावतो, हे खरेच. पण तो शब्द दुसऱ्या मुलीला दिलेला आहे हे त्याने एलिनॉरपासून लपवलेले असते. खरा नायक एलिनॉरच, असेही काही जण म्हणतात. ते मला मान्य आहे, तरी त्याने मूळ प्रश्नाला बगलच दिली जाते.

उरले दोघे. विलोबीचा प्रवेशच नायकाचा आहे. पावसात पाय मुरगळून पडलेल्या मरियानला तो उचलून घरी आणतो. आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत हा धीरललित वाटावा असा: देखणा, रसिक, गाण्याचा शौकीन. ब्रँडन पस्तिशीचा, मितभाषी, फ्लॅनेलचे जाकीट घालणारा. फार तर धीरप्रशांत, ‘मृच्छकटिका’तल्या चारुदत्ताच्या जातकुळीतला. विलोबी त्याच्या पूर्वेकडच्या वास्तव्याची थट्टाही करतो. नबाब, सोन्याच्या मोहरा, पालख्या वगैरे.

इथे आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारले जातील. ब्रँडनची पलटण ‘ईस्ट इंडीज’मध्ये होती. नेमकी कुठे, कोणाशी लढली, हे ऑस्टिन सांगत नाही. मात्र कथेचा काळ १७९०च्या दशकाचा धरला, तर ब्रँडनची ती वर्षे सालबाईच्या तहाच्या, म्हणजे १७८२च्या आसपास येतात. हा माझा अंदाज. कादंबरीतला पुरावा नव्हे. ऑस्टिनच्या घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध मात्र नोंदलेला आहे. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ साली इकडे यायला निघाली, आणि आत्याची मुलगी १७६१ साली कलकत्त्यात जन्मली. तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. तोच तिचा खरा बाप, अशी कुजबूजही होती. त्या मुलीचे नाव एलायझा.

कादंबरीतही एलायझा आहे; किंबहुना दोन आहेत. पहिली अनाथ आणि श्रीमंत, ब्रँडनच्या वडिलांच्या पालकत्वाखाली वाढलेली. ब्रँडनचे आणि तिचे परस्परांवर प्रेम होते. पण डेलफर्डची इस्टेट कर्जात बुडालेली, म्हणून सतराव्या वर्षी तिच्या मनाविरुद्ध तिचे लग्न थोरल्या भावाशी लावण्यात आले. त्याआधी दोघे स्कॉटलंडला पळून जायच्या बेतात होते. स्कॉटलंडच का? १७५३च्या विवाह कायद्याने इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागे. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. बेत फुटला आणि लग्न झाले. तत्कालीन कायद्यानुसार स्त्रीची संपत्ती लग्नाबरोबर नवऱ्याच्या हाती जाई. एलायझाचीही गेली. पुढे घटस्फोट, अधोगती. ब्रँडन परतला तेव्हा ती कर्जदारांना डांबण्याच्या घरात क्षयाने मरत होती. मागे तीन वर्षांची मुलगी राहिली, तिचेही नाव एलायझा.

ही दुसरी एलायझा त्याने सांभाळली. ती त्याचीच अनौरस मुलगी, असे लोक बोलत राहिले, तरी त्याने तिला दूर केले नाही. हीच मुलगी सोळा-सतराव्या वर्षी विलोबीला भुलली. तो तिला गरोदर अवस्थेत, आपला पत्ताही न देता सोडून गेला. पुढे पन्नास हजार पौंडांची वारस पाहून त्याने लग्न केले. पाच टक्के धरले तरी वर्षाला अडीच हजार. त्याची स्वतःची इस्टेट सहा-सातशेची.

ब्रँडनने विलोबीशी द्वंद्व केले. दोघेही सुखरूप परतले. पुरुषांची प्रतिष्ठा राखली गेली, एलायझाच्या पदरात मात्र काहीच पडले नाही. १९९५च्या चित्रपटात हे द्वंद्व नाही. उलट पावसात भिजलेल्या मरियानला ब्रँडन उचलून आणतो, जे कादंबरीत घडतच नाही. तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’मध्ये (२०००) तो श्रीलंकेतल्या मोहिमेत पाय गमावलेला मेजर होतो. दोन्हीकडे त्याला नायक करण्यासाठी काहीतरी बाहेरून आणावे लागले. मूळ ब्रँडनला त्याची गरज नाही. जिचा त्याच्यावर कसलाही कायदेशीर हक्क नव्हता, अशा मुलीची जबाबदारी त्याने वर्षानुवर्षे उचलली. माझे मत त्याला आहे ते एवढ्यासाठीच. मरियानची त्याने संयमाने वाट पाहिली म्हणून नव्हे.

पण मत देताना डेलफर्डचा हिशेब नजरेआड करता येत नाही. पहिल्या एलायझाचे धन त्या घराण्यात गेले. भावाने ते उधळून इस्टेट पुन्हा अडचणीत टाकली. ब्रँडनने काटकसरीने ती सोडवली असावी, असा मिसेस जेनिंग्जचा तर्क आहे. शेवटी त्या दोन हजार पौंडांच्या इस्टेटीची मालकीण मरियान होते. तिथल्याच चर्चची उपजीविका एडवर्डला मिळते, म्हणून एलिनॉरही जवळच राहते. विलोबीलासुद्धा घोडे, कुत्री आणि शिकारीत बरे सुख लाभल्याचे ऑस्टिन नोंदवते.

धाकट्या एलायझाला ब्रँडनने बाळासह कुठल्याशा खेड्यात नेऊन ठेवले होते. ती डेलफर्डला आली का, मरियान तिला कधी भेटली का, याबद्दल कादंबरीत एक अक्षर नाही. तिच्या बाळाचे नावही कुठे येत नाही.