शिंग, हांग, रांग

शिंगं मोडून वासरांत शिरलो, चिनीच्या वर्गात; आणि भेटलं अक्षर तेही ‘शिंग’! रेघा सहाच, मूळ चित्र म्हणे चौरस्त्याचं. ‘शिंग’ म्हणजे चालणं, शिवाय ‘जमेल’. तेच ‘हांग’ म्हटलं की रांग, नाहीतर पेढी. ‘यिन’ म्हणजे चांदी. म्हणून ‘यिनहांग’ म्हणजे बँक!

म्हणजे वीस वर्षं मी याच अक्षराची नोकरी करतोय. त्यातली रांग तेवढी पाळली; ‘बु शिंग’, जमणार नाही, हे तर न शिकताच तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद करताना एक पेन्शनर आजोबा धापा टाकत आले. ‘बु’ ओठांवर आला होता. गिळला.

“शिंग!”

“काय म्हणालात?”

“जमेल, आजोबा. बसा.”