पखालीला औषध

‘रोग हेल्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत ‘अर्थ सांगा’ या प्रश्नापुरती पाठ केलेली असते. हेला म्हणजे रेडा आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी, हे आज समजावून सांगावे लागते. हेला गेला, पखालही गेली. म्हण मात्र जिवंत आहे. गेल्या दिवाळीनंतर ती चार दिवस आमच्या घरी मुक्कामाला होती. निमित्त झाले वायफायच्या पेटीचे, म्हणजे राउटरचे.

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात. घर जुन्या माळवदाचे, दगडमातीच्या भिंती दीड-दोन हात जाड. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातली अशी कितीतरी घरे जमीनदोस्त झाली. आमचे उभे राहिले. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण मोबाईलची रेंज उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून आबांनी वायर ओढून घेतली आणि ओसरीत पेटी बसवली. सांगायला कारण माझा अभ्यास. खरे कारण माझी ताई. ती पुण्याला असते. तिला सातवा महिना लागला होता, आणि रोज रात्री आठ वाजता तिचे तोंड पाहिल्याशिवाय आई जेवत नसे.

दिवाळीत पुण्याचे एक पाहुणे आले. “तुमच्या वायफायवर अर्धी गल्ली सिनेमे बघते,” असे म्हणून त्यांनी मोठ्या आपुलकीने पेटीच्या सेटिंग बदलल्या. नवे नाव, नवा पासवर्ड आणि ‘सर्वांत सुरक्षित, सर्वांत वेगवान’ अशी काहीशी निवड. संध्याकाळच्या एस. टी.ने ते गेले. रात्री पाहतो तो आईच्या जुन्या फोनला पेटी दिसेना! मग आई गुडघ्यावर हात ठेवून शिडीने माळवदावर जाऊ लागली. तिथे ताईचा आवाज येई, चेहरा नाही.

इकडे औषधोपचार सुरू झाले. कुणी पेटी बंद करून पुन्हा चालू केली, कुणी ती उंच खुंटीला टांगली, चुलत्यांनी फडक्याने पुसून काढली. आबा म्हणाले, “फोनच नवा घेऊ.” शेजारचा मुलगा टाचणी घेऊनच आला, मागच्या भोकात दहा सेकंद दाबली की पेटी पहिल्यासारखी होते म्हणे. मी त्याचा हात धरला. तसे केल्यास पाहुण्यांनी केलेले बदल जातात हे खरे. पण वायर जोडणाऱ्या माणसाने भरलेली माहितीही पुसली जाण्याची भीती असते. मग तो माणूस येईपर्यंत साऱ्या घराचेच बंद.

“कालिजात जातीयस नव्हं? मग तूच बघ की,” आई म्हणाली.

मित्रहो, ज्या घरातून एकच माणूस कॉलेजात गेलेला असतो, त्या माणसाला सगळेच येते असे घर धरून चालते. विम्याचा कागद असो की मोटारीचा स्टार्टर, तो त्याच्यापुढे येतो. मी तर मराठी आणि इतिहास घेतलेली. पण इतिहासाच्या तासाला एक गोष्ट शिकले होते : पुरावे एकमेकांशी ताडून पाहावेत. मी वही घेतली.

पहिली नोंद : माझा नवा फोन ओसरीत चालतो, म्हणजे वायर ठीक, पेटीही ठीक. दुसरी : आईचा फोन पेटीच्या शेजारी ठेवला तरी नाव दिसत नाही, म्हणजे त्याला भिंत आडवी येत नाही. तिसरी : माझाही फोन आतल्या खोलीत नेला की संबंध तुटतो, पूर्वी तुटत नसे.

पेटीच्या पोटावरच्या चिठ्ठीत आकड्यांचा एक पत्ता होता. तो फोनमध्ये लिहिला, पाहुण्यांना विचारून पेटीचा पासवर्ड घातला, आणि सेटिंगचे पान उघडले. ही पेटी दोन प्रकारच्या लहरी सोडते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. वेग कमी, पण जाड भिंतीतून त्या जास्त तग धरतात. ५ गिगाहर्ट्झच्या साधारण सहा सेंटिमीटरच्या. वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणाऱ्या. पाहुण्यांनी वेगासाठी पहिल्या बंद केल्या होत्या, आणि आईच्या फोनला नेमक्या त्याच कळत होत्या. त्या सुरू केल्या. नाव दिसू लागले!

पण पासवर्ड बरोबर घालूनही फोन जोडला जाईना. आबा म्हणाले, “बघ, फोनच गेलाय.” मात्र ‘दिसत नाही’ आणि ‘दिसते पण घेत नाही’ हे दोन वेगळे रोग आहेत. सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलेले होते. ही पद्धत २०१८ साली आली. त्याआधीच्या बहुतेक फोनला २००४ साली आलेली डब्ल्यूपीए-२ तेवढी येते. दोन्ही चालतील अशी निवड त्याच रकान्यात होती. ती केली. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर परीक्षा, एवढाच काय तो माझा मंत्र. त्या रात्री आईने आतल्या खोलीत बसून ताईचे तोंड पाहिले.

पाहुण्यांचा हेतू चांगला होता आणि पासवर्ड बदलणेही योग्यच होते. फक्त नवे करताना घरातला सर्वांत जुना फोन कोणाचा, हे विचारायचे राहिले. सुधारणा कोणतीही असो, मागे राहणाऱ्याला त्यातून वाट आहे की नाही हे कुणीतरी पाहायला हवे.

घराला वाटते तसे मला सगळे येत नाही. पण न येणारी गोष्ट शोधत कशी जावी, हे येऊ लागले आहे, आणि आमच्या घरात ते प्रथमच येत आहे. नवे नाव, पासवर्ड आणि दोन्ही सेटिंग एका कागदावर तारखेसह मराठीत लिहून दिल्या. आबांनी तो कागद पंचांगाच्या खिळ्याला अडकवला आहे.